पिल्लाचे पोट आणि घरादाराची माया

लोणच्याला बुरशी का येते आणि लोकरीचे कपडे कसे धुवावेत, या नेहमीच्या प्रश्नांच्या गठ्ठ्यात गेल्या महिन्यात एक निराळेच पत्र निघाले. कराडच्या एका भगिनी लिहितात :

"ताई, मुलांनी हट्ट करकरून कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं. दोन महिन्यांचं आहे म्हणतात. आलं त्या दिवशी गुणी बाळासारखं होतं. दुसऱ्या दिवसापासून जे पोट बिघडलं, ते आज सहावा दिवस. मधेच बरं वाटतं, पुन्हा पातळ होतं. मुलं शाळेत, हे ऑफिसात, आणि फडकं नि बादली घेऊन मी! सासूबाई म्हणतात, रविवारपर्यंत बघायचं, नाहीतर ज्याचं त्याला परत. मुलं दोन दिवस धड जेवलेली नाहीत. काय करू?"

या पत्राचे उत्तर अंकातून द्यायला सवड नव्हती. पत्राखाली नंबर होता, म्हणून तडक फोन लावला आणि एकच गोष्ट सांगितली, "आजच्या आज त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. बाकीचं मागाहून बोलू." एवढी घाई का केली ते आधी सांगते. मग बाकीचे.

आमचा मोती

२०१२ सालच्या पावसाळ्यात आमच्या सांगलीच्या घरी पहिले पिल्लू आले. पांढरेशुभ्र, फक्त कानांवर तपकिरी ठिपके. मुलांनी नाव ठेवले मोती. आठ दिवस घरात नुसती दिवाळी! मग एका सकाळी त्याला उलटी झाली आणि पाठोपाठ पातळ शी. आम्ही म्हटले, दात येत असतील. सुंठ घालून दूध दिले, ताक पाजले. शेजारच्या काकूंनी मायेने जायफळ उगाळून आणले. संध्याकाळी मोती कोपऱ्यात जाऊन पडला. हाक मारली की शेपूट हलवायचा, पण उठायचा नाही. दुसऱ्या दिवशी शीमध्ये रक्त दिसले, आणि अशी काही घाण की खोलीत उभे राहवेना. हे म्हणाले, "उद्या सुट्टी आहे, उद्या नेऊ." मोतीचा तो उद्या उजाडलाच नाही.

पुढे डॉक्टरांशी बोलणे झाले तेव्हा कळले की ही सारी लक्षणे पार्व्हो नावाच्या रोगाची. हा विषाणू १९७८ साली प्रथम ओळखला गेला आणि पाहता पाहता जगभर पसरला. दीड ते सहा महिन्यांच्या, लसीकरण पुरे न झालेल्या पिल्लांना तो विशेष करून गाठतो. आतड्याचे अस्तरच तो खाऊन टाकतो, मग पोटात पाणी ठरत नाही आणि अंगातले पाणी मात्र झपाट्याने जाते. वेळेवर सलाइन आणि औषधे मिळाली तर बहुतेक पिल्ले वाचतात. घरीच ठेवली तर बहुतेक जातात. आम्ही दोन दिवस जायफळ उगाळत बसलो होतो!

"लस दिली होती का?" असे डॉक्टरांनी विचारले. "देणार होतो," एवढेच आम्हांला सांगता आले.

हे सगळे लिहायला मला आजही बरे वाटत नाही. पण नव्या पिल्लाचे पोट बिघडले की घरातले सगळे एकदम वैद्य होतात, आणि साधे बिघडलेले पोट कोणते व जिवावरचे कोणते, हे ओळखायला कोणी शिकवलेले नसते. म्हणून मोतीची गोष्ट आधी.

तेरा वेळा, अकरा पदार्थ!

पार्व्होचा विषाणू अंगणातल्या मातीत महिनोन्महिने, प्रसंगी वर्षभरही टिकतो. म्हणून आम्ही दोन वर्षे पिल्लाचे नाव काढले नाही. २०१४च्या दिवाळीत खंड्या आला. दोन महिने पुरे झालेला, पहिली लस टोचलेली, कार्ड माझ्या पर्समध्ये. तरी तिसऱ्या दिवशी त्याचेही पोट बिघडलेच! या खेपेस 'उद्या' म्हणायची कोणाची छाती नव्हती. तसेच उचलून डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी तपासले. ताप नाही, हिरड्या गुलाबी, आणि पेशंट टेबलावर उभा राहून डॉक्टरांच्याच घड्याळाचा पट्टा चावतो आहे. ते हसले आणि म्हणाले, "वहिनी, याला रोग काही नाही. काल दिवसभरात यानं काय काय खाल्लं, तेवढं सांगा."

"दोन वेळचा दूधभात," मी म्हटले.

"घरी जाऊन सगळ्यांना विचारा," ते म्हणाले.

घरी आले, विचारले, आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहीत गेले. सकाळी सासूबाईंनी सायीसकट दूध-पोळी दिली होती. यांनी चहात बुडवून दोन बिस्किटे. थोरलीने डब्यातल्या पराठ्याचा तुकडा. धाकट्याने मूठभर शेव, आणि शाळेतून आल्यावर आणखी मूठभर. काकूंनी कुंपणावरून सुकटाची डोकी टाकली होती. दुपारी मी दूधभात दिला, रात्री यांनी पानातले हाड. चकली, करंजीचे सारण आणि लाडवाचा भुगा वेगळाच. एका दिवसात तेरा वेळा आणि अकरा पदार्थ! एवढे माझ्या पोटात गेले असते तर मीही अंथरूण धरले असते.

मैत्रिणींनो, नव्या पिल्लाचे पोट बिघडण्याचे अगदी नेहमीचे कारण हेच. बिचारे नुकते आईपासून सुटलेले असते. जागा नवी, माणसे नवी, आवाज नवे, त्यानेच पोट निम्मे ढवळलेले. त्यावर घरातला प्रत्येक जण आपापल्या मायेचा घास घालतो, आणि दुसऱ्याने काय घातले ते कोणालाच माहीत नसते.

कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. कोरडी भाकरी त्या जिवाच्या घशाला लागेल, हा त्यांचा कळवळा. तो कळवळा जरूर घ्यावा, तुपाची वाटी मात्र फडताळातच ठेवावी! साय, तूप, तळण असले स्निग्ध पदार्थ पिल्लाच्या कोवळ्या पोटाला झेपत नाहीत.

पण मग दूध?

"अगं, दूध सोडून पिल्लाला द्यायचं तरी काय?" हा सासूबाईंचा पहिला प्रश्न. "आमच्या माहेरी तासगावला चार-चार कुत्री दूधभाकरीवर वाढली."

मी त्यांना डॉक्टरांनी सांगितले तेच सांगितले. दुधातली साखर पचवायला आतड्यात एक पाचक द्रव्य लागते. पिल्लू आईच्या अंगावर पिते तोवर ते भरपूर असते, दूध तुटले की कमी कमी होत जाते. शिवाय गाई-म्हशीच्या दुधात ही साखर कुत्रीच्या दुधापेक्षा जास्त. उलट, प्रथिने आणि स्निग्धांश पाहाल तर कुत्रीचे दूध गाईच्या दुधापेक्षा दुपटीच्या आसपास दाट. म्हणजे पचत नाही ते जास्त मिळते आणि वाढीला लागते ते कमी. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, आंबते, आणि मग आपण फडके घेऊन धावतो. दुधात पाणी घातले तर साखर कमी होते खरी, पण पोषणही पातळ होते.

"आणि आई," मी जरा भीत भीतच विचारले, "तासगावची ती कुत्री मोठी झालेली होती. उंदीर-घुशी, गावातलं उष्टं-खरकटं, काय काय खात असतील. पण एका वेताची किती पिल्लं जगायची?"

सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सहा-सात व्हायची. एखाद-दुसरं राहायचं. मोजत कोण होतं गं तेव्हा?"

त्यानंतर त्यांनीच एक गोष्ट सांगितली, ती मला डॉक्टरांच्या सगळ्या सांगण्याहून पटली. "मुलांची उष्टावणं झाली तेव्हा मी काय केलं होतं? आठ दिवस नुसती भाताची पेज. मग त्यात मुगाचं वरण. एकेक पदार्थ, एकेक आठवडा. तसंच हे. याचं काय, उष्टावणच की!"

दुसऱ्या दिवसापासून खंड्याची वाटी सासूबाईंच्या ताब्यात गेली. घरात कोणाची बिशाद नव्हती तिला हात लावायची.

पहिल्या आठवड्याचा रिवाज

आता हा रिवाज नीट लिहून घ्या आणि स्वयंपाकघरात चिकटवा.

१. पिल्लू ८ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडून आणू नये. आणताना देणाऱ्याला चार गोष्टी विचाराव्यात : काय खाते, दिवसातून किती वेळा, जंताचे औषध कधी दिले, लस कधी दिली. शक्य तर तिथलेच थोडे खाणे बरोबर मागून घ्यावे.

२. पहिले दोन-तीन दिवस तिथे खात होते तेच द्यावे. खाणे बदलायचेच असेल तर ७ दिवस घ्यावेत. पहिले दोन दिवस तीन भाग जुने आणि एक भाग नवे, पुढचे दोन दिवस निम्मे-निम्मे, पुढचे दोन दिवस एक भाग जुने आणि तीन भाग नवे, सातव्या दिवशी सगळे नवे. तिथे दूध-पाव खात असेल आणि पोट ठीक असेल तर तोही याच हिशेबाने कमी करावा. पोट बिघडलेले असेल तर मात्र दूध लगेच बंद.

३. तिसरा महिना संपेपर्यंत दिवसातून ४ वेळा, मग सहा महिन्यांपर्यंत ३ वेळा, पुढे २ वेळा. आमच्या घरी सकाळी ७, दुपारी १२, संध्याकाळी ५ आणि रात्री ९ अशा वेळा होत्या. वाटी १५-२० मिनिटे ठेवावी, उरले तर उचलावी. खाल्ल्यावर थोड्याच वेळात पिल्लाला शी होते. तेवढ्यात बाहेर नेले तर फरशी पुसण्याचे निम्मे काम वाचते. वेळेवर खाणे म्हणजे वेळेवर 'जाणे', हा नियम माणसांइतकाच त्यांनाही लागू आहे.

४. वाटी एक आणि देणारा हात एक. बाकीच्यांनी खेळावे, फिरवावे, लाड करावेत, पण तोंडात काही घालू नये. ज्या मुलांना राहवत नाही त्यांनी पिल्लाच्या वाटीतलेच चार दाणे बाजूला काढून हातावर द्यावेत. लाडही होतो आणि हिशेबही बिघडत नाही.

५. माप हवे. पिल्लाला वजनाच्या मानाने मोठ्या कुत्र्याच्या जवळजवळ दुप्पट खाणे लागते, हे खरे. पण ते थोडे थोडे करून. खंड्या आला तेव्हा ३ किलोचा होता. पिल्लांच्या तयार कोरड्या खाद्याच्या पाकिटावरच्या तक्त्याप्रमाणे त्याला दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पुरेसे होते. त्याचे चार भाग केले तर एका वेळी आमटीची वाटीसुद्धा भरेना! "एवढंसंच?" म्हणून सगळ्यांचे चेहरे उतरले. पण दर रविवारी किराणा दुकानातल्या काट्यावर त्याचे वजन केले की आकडा चढलेला दिसायचा, तेव्हा कुठे आमचा विश्वास बसला.

६. स्वच्छ पाणी सतत भरलेले असावे. पोट बिघडले म्हणून पाणी तोडणे ही फार मोठी चूक.

पाकिटातले खाद्य महाग वाटते, घरचे दिले तर चालेल का, असे पुष्कळजणी विचारतात. चालेल, पण नुसता चिकन-भात किंवा नुसती पोळी वर्षानुवर्षे देऊ नये. वाढत्या हाडांना चुना हवा, तो मांसात आणि भातात फार थोडा असतो. हाडे मऊ राहतात, पाय वाकतात. उलट, मनाने कॅल्शियमच्या बाटल्या पाजल्या तर मोठ्या जातीच्या पिल्लांच्या हाडांना त्याचाही अपायच होतो. म्हणून घरचे द्यायचे असेल तर डॉक्टरांकडून प्रमाण लिहून आणावे. ज्यांच्या घरी सामिष शिजत नाही त्यांना पिल्लांचे तयार खाद्य सोयीचे पडते.

पोट बिघडल्यावरचे खिमट

पिल्लू खेळते आहे, भूक आहे, उलटी नाही, रक्त नाही, फक्त शी सैल आहे, अशा वेळी एक दिवस घरी हे करून पाहावे.

*साहित्य :* एक वाटी जुना तांदूळ, कातडे व हाडे काढलेले चिकन, पाणी. बस्स. मीठ, हळद, हिंग, फोडणी काही नाही.

*कृती :* तांदूळ चौपट-पाचपट पाणी घालून अगदी मऊ शिजवावा. चिकन वेगळे उकडून वर आलेली चरबी काढून टाकावी आणि हाताने बारीक कुसकरावे. दोन भाग भात आणि एक भाग चिकन मिसळून कोमट करून द्यावे. नेहमीच्या चार वेळांऐवजी पाच-सहा वेळा, थोडे थोडे. एक चमचा उकडलेला लाल भोपळा कुसकरून घातला तर शी बांधली जायला मदत होते. चिकनऐवजी उकडलेले अंडे किंवा पाणी पूर्ण निथळलेले, साय काढलेल्या दुधाचे घरचे पनीर चालते.

पोट ठिकाणावर आले की आणखी दोन दिवस हेच द्यावे आणि मग नेहमीचे खाणे थोडे थोडे मिसळत जावे. मोठ्या कुत्र्याला एक लंघन घडले तर चालून जाते, दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसभर उपाशी ठेवू नये. त्याच्या अंगात साठवण नसते, रक्तातली साखर उतरून ते गळून जाते.

आणि आपल्या औषधाच्या डब्यातले काहीही देऊ नये. तापाच्या, अंगदुखीच्या, जुलाब थांबवायच्या गोळ्या आपल्या आहेत, त्याच्या नव्हेत. त्यांतल्या काही कुत्र्यांना विषासारख्या बाधतात.

जंत

पिल्लू वाळके पण पोट मात्र गोल गरगरीत, असे दिसले की जंतांची शंका घ्यावी. आपल्याकडच्या बहुतेक पिल्लांना जंत असतात, कारण ते आईच्या पोटातच तिच्याकडून मिळतात आणि पुढे दुधातूनही येतात. त्यात तुमच्या स्वच्छतेचा दोष नाही. जंताचे औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी, तीन महिन्यांपर्यंत, आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला द्यायचे असते. ते वजनावर ठरते, म्हणून मुलांच्या औषधातले अंदाजाने देऊ नये. हे जंत लहान मुलांनाही बाधतात. शी लगेच उचलावी, आणि पिल्लाशी खेळून आलेल्या हातांना साबण लावल्याशिवाय जेवायला बसू देऊ नये.

हे कधीच नको

कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, मग ते कच्चे असोत की रश्शात शिजलेले. आपल्या घरात कांद्या-लसणाशिवाय भाजी होत नाही, म्हणून उरलेली भाजी-आमटी त्याच्या वाटीत ओतायची सवयच लावू नये. आम्ही सांगलीकर, घरात बेदाण्याचा डबा कायम. पण द्राक्षे, बेदाणे आणि मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे बंद पडू शकतात. त्यांतल्या टार्टारिक आम्लाचा हा प्रताप असावा, असे अलीकडचे जाणकार सांगतात. तेच आम्ल चिंचेतही असते. चॉकलेट, चहा-कॉफी आणि बिनसाखरेची च्युइंगगमे हीही घातक. शिजलेली हाडे चावताना त्यांच्या कपच्या होतात आणि आतडे फाडतात. आमच्या यांचे रात्रीचे हाड त्या दिवसापासून बंद झाले.

डॉक्टरांकडे तडक केव्हा?

पुढच्यांपैकी एक जरी गोष्ट दिसली तर सुंठ नको, ताक नको, 'उद्या'ही नको :

– उलट्या होत आहेत, प्यायलेले पाणीही ठरत नाही.

– शीमध्ये रक्त आहे, ती डांबरासारखी काळी आहे किंवा तिला भयंकर घाण येते.

– पिल्लू खेळायचे थांबले, कोपऱ्यात पडून राहिले, खाण्याकडे पाहत नाही.

– हिरड्या पांढऱ्या किंवा कोरड्या-चिकट झाल्या, किंवा मानेवरचे कातडे चिमटीत धरून सोडले तर लगेच खाली बसत नाही. अंगातले पाणी कमी झाल्याची ही खूण.

– पोट फुगून टणक झाले.

– काही बाहेरचे गिळल्याची शंका आहे.

– वरचे काहीच नाही, पण एक दिवस खिमट देऊनही शी बांधली जात नाही.

जाताना लसीचे कार्ड, काय काय खाल्ले त्याची चिठ्ठी आणि छोट्या डबीत ताजी शी न्यावी. ती तपासली की जंत किंवा इतर जंतू तिथल्या तिथे कळतात. गावात खासगी डॉक्टर नसतील तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. लोक त्याला गुरांचा दवाखाना म्हणतात, पण तिथे कुत्र्या-मांजरांनाही तपासतात. मोठे दुखणे असेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत : मुंबईला परळचे महाविद्यालय १८८६ पासूनचे, आणि आपल्या बाजूला शिरवळचे.

लसीचे वेळापत्रक डॉक्टर देतातच. साधारणपणे पहिली ६ ते ८ आठवड्यांची असताना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, आणि शेवटची १६ आठवडे पुरे झाल्यावर. एक टोचली म्हणजे झाले, असे समजू नये. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही आणि ती कधी उतरेल ते प्रत्येक पिल्लाचे वेगळे, म्हणून पुन्हा पुन्हा द्यावी लागते. सगळ्या होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्यांत आणि त्यांच्या शीच्या जागी फिरवू नये.

घरात पार्व्होचा आजारी असेल तर एक ध्यानात ठेवा. हा विषाणू नेहमीच्या फिनेलला दाद देत नाही. आधी घाण उचलून फरशी धुवावी, मग कपडे धुण्याचे ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असे मिसळून दहा मिनिटे फरशीवर राहू द्यावे, आणि शेवटी साध्या पाण्याने पुसावे. ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही सफाईचे द्रव्य मिसळू नये, आणि पिल्लाला तोवर त्या खोलीत सोडू नये.

कराडच्या भगिनीस

तुमचा परवा पुन्हा फोन आला. डॉक्टरांनी तपासले, पार्व्हो नाही, शीमध्ये जंत निघाले, औषध चालू आहे. ऐकून जीव भांड्यात पडला. पण औषधाने जंत जातील, बिस्किटे आणि साय कशी जाणार? त्यासाठी घरातल्या सगळ्यांना एकदा समोर बसवा आणि काल कोणी काय घातले ते वहीत लिहा. कोणावर रागावू नका. आमच्या घरी यादी वाचून झाल्यावर जे हसू फुटले, त्यातच निम्मे भांडण मिटले होते.

सासूबाईंच्या म्हणण्याचेही मला वाईट वाटले नाही. त्यांना पिल्लू नको आहे असे नाही. दिवसभर घरात असणाऱ्या दोघीच, घाण त्यांच्याच डोळ्यांपुढे होते आणि तुमची दमछाकही त्याच पाहतात. तुम्ही एक करा. वाटी त्यांच्या हाती द्या. वेळा त्यांनाच ठरवू द्या. चार मुले वाढवलेल्या बाईला पोटाचे शास्त्र नव्याने शिकवावे लागत नाही. आमच्या सासूबाई शेवटच्या दुखण्यातही "पाच वाजले का गं?" म्हणून विचारायच्या. खंड्या आता थकला आहे, पण अजूनही पाचच्या सुमाराला त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसतो.

रविवार काय ठरला ते कळवा. आणि हो, एवढ्या फोनाफोनीत पिल्लाचे नाव काय ठेवलेत ते सांगायचे राहूनच गेले, तेही लिहा.